अंबुजाक्का आणि दोनशे छप्पन्न

"तुम्ही कोठील?"

कुंभकोणमच्या त्या कंपनीत पहिल्या दिवशी मी खुर्चीत नीट बसलोही नव्हतो, तेवढ्यात मागून हा प्रश्न आला. बायकोची बँकेतली बदली इथे झाली म्हणून सांगलीची नोकरी सोडून मी तिच्या मागोमाग आलो होतो. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. सकाळपासून हातवारे आणि मोडकं इंग्रजी यांवर भागवत होतो. अशात कानावर मराठी पडली, आणि तीही कशी, तर शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात छापलेलं जुनं पत्र कुणी मोठ्याने वाचावं तशी. मला हसू आलं.

मागे पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, जाड चष्मा, केस डोक्याला त्रास होईल इतके घट्ट बांधलेले.

"हसतां काय?"

"नाही, म्हणजे... तुमचं मराठी एकदम जुनं वाटलं."

"जुनें नाहीं. आमच्या घरीं आजही हेंच बोलतात, म्हणजे तें आजचें. तुम्ही तेथें बदलत गेलां, त्यास आम्ही काय करावें?"

एवढं बोलून त्या आपल्या टेबलाकडे निघून गेल्या. ऑफिसात त्यांना सगळे अंबुजा मॅडम म्हणत. मी आठवड्याभरात अंबुजाक्का म्हणू लागलो आणि त्यांनी मला 'अरे नितीन'वर आणलं. तंजावूरला मराठी राज्य होतं तेव्हा इकडे आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. पण त्या घराण्याचा विषय त्यांनी स्वतःहून कधी काढला नाही. कुणी काढलाच, तर म्हणायच्या, "ते आले, राहिले, मेले. मी आतां आहें. माझें काम विचार."

त्यांचं काम म्हणजे वॉर्मरचं सॉफ्टवेअर. कमी वजनाच्या, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं हे यंत्र. वर तापणारी दांडी, खाली बाळाला निजवायची गादी, बाळाच्या पोटाला चिकटवलेला एक छोटा सेन्सर, आणि या सगळ्यांमध्ये हाताच्या तळव्याएवढ्या बोर्डावर बसवलेला संगणक. नर्सने तापमान ठरवून द्यायचं आणि त्या संगणकाने सेन्सर वाचत उष्णता कमी-जास्त करायची. आमची कंपनी लहान होती. आजूबाजूच्या गावांतले दवाखाने, प्रसूतिगृहं, एखाददुसरं मोठं रुग्णालय, एवढीच आमची गिऱ्हाइकं. मालक सेल्वराज सर माणूस वाईट नव्हते, पण भित्रे होते. अंबुजाक्का आणि ते वीसेक वर्षं एकमेकांशी भांडत होते आणि त्या भांडणावरच कंपनी चालली होती असं म्हटलं तरी चालेल.

अक्कांच्या समोर एक शब्द उच्चारायची बंदी होती. तो शब्द म्हणजे 'आपोआप'. मी पहिल्याच महिन्यात त्यात सापडलो. एका बोर्डावरचा दिवा मध्येच विझत होता. मी म्हटलं, "अक्का, हा आपोआप बंद पडतो."

त्यांनी हातातलं काम ठेवलं. "उभा राहा."

मी उभा राहिलो. ऑफिसातली बाकीची पोरं गालातल्या गालात हसायला लागली. त्यांना हा कार्यक्रम माहीत होता.

"आपोआप कांहीं होत नाहीं. कोणी तरी करतें. तुला तें कोण हें ठाऊक नाहीं, इतकेंच. मग काय म्हणावें?"

"काय म्हणावं?"

"'मला ठाऊक नाहीं' म्हणावें. बैस."

त्यांचा हट्ट साध्या गोष्टींतही दिसे. कॉफीसाठी नावाजलेल्या कुंभकोणमला राहून त्या कॉफी पीत नसत. गावात हे देवळात न जाण्यापेक्षा मोठं पाप. पाहुणे आले की घरचे ओशाळायचे आणि अक्का त्यांच्यासमोर पेलाभर गरम पाणी घेऊन बसायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "मला आवडत नाहीं. गांवास आवडतें म्हणून मला आवडलें पाहिजे काय?" लग्न झालं होतं. चेन्नईला सासर होतं. तिथे नोकरी सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सासर सोडलं. हे मला त्यांच्या वहिनीने सांगितलं, आणि तेही स्वयंपाकघरात, हळू आवाजात.

त्यांच्या गल्लीत मराठी मंडळींचं विठ्ठलाचं एक भजनमंदिर होतं. तिथे एकदा मी बायकोसह गेलो. पुढे म्हातारे टाळ घेऊन, मागे बायका. पदं मराठी, पण पुस्तकं तमिळ लिपीत छापलेली. तरुण मुलं ती तोंडपाठ म्हणायची, अर्थ मात्र बऱ्याच जणांना लागत नसे. एका पदाच्या मधोमध अक्का मागून उठल्या, पुढे आल्या आणि मुख्य गायकाच्या हातातले टाळ त्यांनी चक्क धरून ठेवले.

"थांबा. ह्या ओळीचा अर्थ काय तें ह्या मुलास विचारा."

मुलगा गांगरला. म्हातारे चिडले. कुणी तरी म्हणालं, देवाला कळतं, पुरे. अक्का म्हणाल्या, "देवास कळतें, त्यास म्हणावयाची गरजच नाहीं. आपणास कळावें म्हणून म्हणतों." त्या दिवशी भजन अर्धवट राहिलं. पुढच्या वेळेपासून मात्र प्रत्येक पदाआधी कुणी तरी उठून अर्थ सांगायला लागलं. अक्का तरीही मागे बसल्या नाहीत. पुढे बसायच्या, टाळ घेऊन, आणि खरं सांगायचं तर अतिशय बेताल वाजवायच्या.

वॉर्मरच्या पडद्यावर आईचं नाव तमिळमध्ये लिहिता येण्याची सोय त्यांनीच केली होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला नाव नसतं, म्हणून यंत्रावर आईचं नाव घालतात. आधी ते इंग्रजीतच घालावं लागे. सेल्वराज सर म्हणाले होते, नर्सना इंग्रजी येतं, हा खटाटोप कशाला. "नर्सला येतं," अक्का म्हणाल्या होत्या, "काचेबाहेर उभ्या असलेल्या आईला येतं का? आपलं मूल कुठल्या मशीनखाली आहे ते तिने कुणाला विचारायचं?" मालक नको म्हणत राहिले आणि अक्कांनी सुट्टीच्या दिवशी येऊन ती सोय करून टाकली. त्यांच्या कामातलं त्यांना सगळ्यात प्रिय काम हेच असावं. नवीन माणूस आला की त्या त्याला आधी तेच दाखवायच्या.

मग ती सकाळ आली. एव्हाना मला तमिळ बऱ्यापैकी कळू लागलं होतं. सेल्वराज सर फोनवर बोलत बोलतच आत आले. गावातल्या एका रुग्णालयात आमच्या यंत्राखाली ठेवलेलं बाळ गार पडलं होतं. नर्सच्या वेळेवर लक्षात आलं म्हणून निभावलं. तिने बाळाच्या पायाला हात लावला, तो थंड लागला, तशी बाळाला उचलून तिने आईच्या छातीशी बांधलं. बाळ आता ठीक होतं. पण यंत्रावर ठरवलेलं तापमान फारच खाली आलेलं आढळलं. रुग्णालयाने चौकशी केली आणि नर्सनेच चुकून बटण फिरवलं असा निष्कर्ष काढून तिला घरी बसवलं.

"म्हणजे यंत्रात दोष नाही," सर म्हणाले आणि सुटकेचा श्वास सोडून खुर्चीत बसले.

अक्कांनी विचारलं, "पडद्यावर आकडा कोणता होता?"

"पंचवीस पूर्णांक सहा."

"आणि तिने ठरवलेला?"

"साडेछत्तीस, असं ती म्हणते. तिचं म्हणणं, मी हात लावलाच नाही, आपोआप खाली आलं."

तो शब्द उच्चारल्यावर सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. त्यांनी कुणाला उभं केलं नाही. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "पंचवीस पूर्णांक सहा यंत्राच्या आंत कसें ठेवतों आपण?"

"दहापट करून. दोनशे छप्पन्न."

म्हटल्याबरोबर माझ्याही लक्षात आलं. माणसाला शंभर जसा गोल आकडा, तसा संगणकाला दोनशे छप्पन्न. माणूस बटण फिरवून नेमका त्यावर थांबत नाही. आणि यंत्राच्या पोटात साडेछत्तीस म्हणजे तीनशे पासष्ट, ते दोन कप्प्यांत ठेवलेलं असतं: एकात दोनशे छप्पन्न, दुसऱ्यात उरलेले एकशे नऊ. त्या दुसऱ्यात कुणी शून्य टाकलं, तर उरतात बरोबर दोनशे छप्पन्न.

अक्का सरांकडे वळल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "ती बाई खरं बोलते. आपल्या यंत्राच्या आत कुणी तरी दुसऱ्याच्या जागेत शून्य लिहितंय."

"ह्याला पुरावा?"

"आणते."

पुरावा आणणं सोपं नव्हतं. तो हजारो ओळींचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम. त्यातली कुठलीही ओळ आपली जागा सोडून शेजारच्या जागेत लिहू शकते आणि लिहून झाल्यावर मागे काही खूण ठेवत नाही. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. जागोजागी 'आता तापमान एवढं आहे' असं कळवणाऱ्या ओळी घातल्या आणि यंत्र चालू ठेवलं. दिवसभर काही झालं नाही. त्या ओळी घातल्यामुळे आतल्या वस्तूंच्या जागाच सरकल्या होत्या, हे मला उशिरा कळलं. अक्का येऊन बघून गेल्या.

"चौकाचौकांत शिपाई उभे केलेस. चोर आज घरीं निजला आहे. काढ तें अस्की." अस्की म्हणजे सगळं. हा त्यांच्या मराठीतला शब्द मला फार आवडायचा, त्या क्षणी आवडला नाही.

"मग काय करू?"

"प्रोसेसरासच सांग. ह्या एका जागेवर कावल बसव."

कावल म्हणजे तमिळमध्ये पहारा. आमच्या धंद्यात त्याला वॉचपॉइंट म्हणतात. चिपमध्येच ती सोय असते. तिला स्मृतीतला एक पत्ता द्यायचा. कार्यक्रमात काहीही बदल न करता ती त्या पत्त्यावर लक्ष ठेवते आणि तिथे कुणीही काही लिहिलं की त्याच क्षणी सगळं जागच्या जागी थांबवते. लिहिणारी ओळ हात वर करून पडद्यावर उभी. आमच्या चिपमध्ये असे पहारेकरी चारच होते, त्यामुळे कुठे बसवायचे ते नीट ठरवावं लागे. अक्कांनी एक ठरवलेल्या तापमानावर बसवला आणि बटण फिरवल्यावर जे लिहिलं जातं ते कायदेशीर, त्याला सोडून दे, अशी सूचना दिली.

तरीही काही सापडेना. आम्ही बटणं दाबली, वीज घालवली, आणली, सेन्सर काढला, लावला. पहारेकरी ढिम्म.

"आपण तिच्यासारखें करत नाहीं," अक्का म्हणाल्या. "तिनें काय केलें तें तिला विचारूं."

ती नर्स म्हणजे पूंगोडी. राहायला चोळपुरमला. आम्ही टाउन बसने गेलो. तिशीची, सडपातळ बाई, अंगणात धुणं वाळत घालत होती. यंत्राच्या कंपनीचे लोक म्हटल्यावर तिने आम्हाला बसाही म्हटलं नाही.

"आता काय राहिलंय?" ती म्हणाली. "माझ्या पोरीला शाळेत विचारतात, तुझ्या आईने बाळ मारलं का म्हणून. बाळ जिवंत आहे. मीच वाचवलं त्याला."

अक्का तिच्यासमोर उभ्याच राहिल्या. "तू बटण फिरवलं नाहीस, हे मला माहीत आहे. मला फक्त सांग, त्या दिवशी अगदी सुरुवातीपासून काय काय केलंस."

मग तिने हातातला ओला टॉवेल दोरीवर टाकला आणि सांगायला लागली. बाळाला ठेवलं, तापमान लावलं, आईचं नाव घातलं. बाळाच्या अंगाला तेल होतं, त्यामुळे सेन्सरची चिकटपट्टी सारखी सुटत होती. सुटली की यंत्र ओरडायचं, पडद्यावर आईचं नाव आणि 'सेन्सर सुटला' असं यायचं. तिने पुन्हा लावायचं.

"नाव कसं घातलंस?" अक्कांनी विचारलं.

"तमिळमध्ये. मी नेहमी तमिळमध्येच घालते. बाकीच्या इंग्रजीत घालतात, पटकन होतं म्हणून. पण आई बाहेरून बघते ना. तिला वाचता यायला हवं."

"काय नाव होतं?"

"पेरियनायगी कलियपेरुमाळ. तिचं आणि नवऱ्याचं मिळून. तिकडच्या तिरुक्करुगावूरच्या देवीला नवस करून झालेलं बाळ. दोघांचं नाव घाल, असं ती म्हणाली."

अक्कांचा चेहरा मी बाजूने पाहत होतो. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत घातला. परतीच्या बसमध्ये मी दोनदा काही विचारलं, तर म्हणाल्या, "उगें बैस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्वराज सरांना बोलावून त्यांनी सगळ्यांसमोर यंत्र लावलं. साडेछत्तीस. पहारा बसवला. मग पूंगोडीने सांगितलेलं ते लांबलचक नाव एकेक अक्षर करून तमिळमध्ये घातलं. काही झालं नाही. यंत्र व्यवस्थित चालत होतं. अक्कांनी हात पुढे केला आणि सेन्सर ओढून काढला.

यंत्र ओरडलंच नाही. सगळं गोठलं. पहारेकऱ्याने धरलं होतं.

पडद्यावर ओळ उभी होती. नाव एका जागेतून दुसऱ्या जागेत उतरवणारी, म्हणजे इशाऱ्यासाठी नाव तयार करणारी ओळ. लिहिणाऱ्याने काळजी घेतली होती. नाव कितीही लांब असलं तरी जागेत मावेल तेवढंच घ्यायचं आणि बाकीचं कापायचं, हे बरोबर होतं. पण प्रत्येक नावाच्या शेवटी 'इथे नाव संपलं' हे सांगणारं एक शून्य ठेवावं लागतं. त्या शून्याला जागा राखायची राहून गेली होती. ते शेजारी जाऊन पडत होतं, आणि शेजारी होतं बाळाचं तापमान. इंग्रजीत एक अक्षर एक जागा घेतं, त्यामुळे नाव कधी काठापर्यंत पोचलंच नाही. तमिळचं साधं अक्षर तीन जागा घेतं, आणि आपल्या 'मी'सारखं वेलांटी लागलेलं असलं तर त्याच्या दुप्पट. लांब नाव असलं की जागा तुडुंब.

कार्यक्रमाच्या त्या भागाच्या डोक्यावर लिहिणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं होती. सगळ्यांनी ती वाचली.

"माझी ओळ आहे," अक्का तमिळमध्ये म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, खणखणीत. "मी लिहिली. त्या सुट्टीच्या दिवशी येऊन लिहिली. तपासायला कुणाला दिली नाही, कारण तुम्ही नको म्हणाला होतात."

सेल्वराज सरांनी कपाळाला हात लावला. "मी तेव्हाच सांगत होतो. हे तमिळ काढून टाका. आजच काढा. सगळ्या दवाखान्यांना सुधारित आवृत्ती म्हणून पाठवू. बाहेर कुणाला काही बोलायची गरज नाही."

"आणि पूंगोडी?"

"तो रुग्णालयाचा अंतर्गत प्रश्न आहे."

"तो माझ्या ओळीचा प्रश्न आहे. आणि तमिळ काढायचं नाही. नाव लांब होतं हा दोष नाही, जागा अपुरी होती हा दोष आहे. जागा मी वाढवते."

"कंपनी बुडेल, अंबुजा. तुम्हाला कळतंय का? आपली मशिनं कोण घेईल?"

"कळतंय. बुडाली तर माझ्यामुळे बुडाली असं सगळ्यांना सांगा. मला काढायचं असेल तर काढा. मी राजीनामा देणार नाही, आणि गप्पही बसणार नाही."

त्याच दुपारी अक्का त्या रुग्णालयात गेल्या. मी बरोबर होतो, पण उपयोग शून्य. मी बोर्ड आणि लॅपटॉप धरून मागे उभा. मुख्य डॉक्टर घाईत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे मॅडम, तुम्ही लेखी पाठवा. आम्ही बघू."

"लेखी देईनच. पण आधी तोंडाने सांगायचंय, आणि पूंगोडीच्या समोर सांगायचंय. तिला बोलवा. ज्या ज्या नर्सेसच्या समोर तिला घरी जायला सांगितलंत, त्यांनाही बोलवा."

"असं लगेच कसं..."

"मी बाहेर बाकावर बसते."

आणि त्या खरोखर जाऊन बसल्या. येणारी-जाणारी माणसं बघत होती. एक-दोन नर्सेस येऊन काय झालं विचारून गेल्या, आणि अक्कांनी प्रत्येकीला सगळं सांगितलं, जोरात, व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं. थोड्याच वेळात डॉक्टरांनी पूंगोडीला फोन लावायला सांगितलं.

ती आली तेव्हा त्या वॉर्डाच्या दारात बरीच गर्दी जमली होती. अक्का उठल्या. माझ्या हातातला लॅपटॉप उघडून पूंगोडीने घातलेलं नाव, ती ओळ आणि ते शून्य सगळ्यांना दाखवलं. नर्सेसना त्यातलं किती कळलं कोण जाणे. मग त्या म्हणाल्या, "हिने बटणाला हात लावला नाही. बाळाचं तापमान मी खाली आणलं, माझ्या चुकीने. हिने पायाला हात लावून पाहिलं म्हणून ते बाळ आहे. नसतं पाहिलं, तर आज मी तुमच्यासमोर उभी राहू शकले नसते."

पूंगोडी रडायला लागली. अक्का तिच्याजवळ गेल्या नाहीत. जागेवरूनच म्हणाल्या, "मला माफ करू नकोस. राग धर. पण उद्यापासून कामावर ये."

पूंगोडीने डोळे पुसले. "नाव तमिळमध्येच घालीन."

"घाल. याहून लांब नाव मिळालं तर तेही घाल."

डॉक्टरांनी तिला परत घेतलं. तिची माफी मात्र मागितली नाही, आणि ते अक्कांना शेवटपर्यंत डाचत राहिलं. त्या बाजूने जायची वेळ आली की त्या रुग्णालयाकडे बघून काही तरी पुटपुटायच्या. काय ते मी विचारलं नाही.

सेल्वराज सरांनी त्यांना काढलं नाही. बोलणं मात्र बंद केलं. एकाच खोलीत दोघं बसलेले असताना सर मला म्हणायचे, "मॅडमना सांगा, व्हॅन आली आहे." अक्का मला म्हणायच्या, "त्यांस सांग, मला ऐकूं येतें." त्या व्हॅनमधून आम्ही आमचं प्रत्येक यंत्र जिथे होतं तिथे गेलो, इन्नंबूरच्या एका खोलीच्या प्रसूतिगृहापासून. प्रत्येक ठिकाणी नवं सॉफ्टवेअर भरायचं आणि मग अक्का चाचणीसाठी नाव घालायच्या. कुणाचं म्हणाल, तर त्यांच्या सगळ्या पूर्वजांची नावं एकापुढे एक, श्वास न घेता. यंत्राने ती बिनतक्रार कापली आणि तापमान जागच्या जागी राहिलं, की त्या सेन्सर ओढून काढायच्या, यंत्राचं ओरडणं ऐकायच्या आणि "बेस" म्हणायच्या. प्रत्येक डॉक्टरला दोष काय होता आणि कुणाचा होता तेही सांगायच्या. मला वाटलं होतं, गिऱ्हाइकं जातील. काही गेलीच. पण बरीच थांबली. एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, आजवर मला इतक्या कंपन्या येऊन सांगून गेल्या की चूक तुमच्याच माणसाची आहे, हे असं पहिल्यांदाच ऐकतोय. त्यांनी आणखी एक यंत्र मागवलं. वर्षभराने सेल्वराज सर नव्या गिऱ्हाइकाला 'आमच्या मशीनवर आईचं नाव तमिळमध्ये' असं अभिमानाने सांगताना मी ऐकलं. अक्काही ऐकत होत्या. त्यांनी गरम पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि काही बोलल्या नाहीत, हे विशेष.

पुढे बायकोची बदली पुण्याला झाली आणि आम्ही कुंभकोणम सोडलं. अधूनमधून फोन व्हायचा. अक्कांना काचबिंदू झाल्याचं मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या वहिनीकडून कळलं. मागच्या वर्षी कामानिमित्त तंजावूरला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्यांना भेटायला गेलो. ओसरीवर बसल्या होत्या. मांडीवर लॅपटॉप, त्याचा पडदा काळा. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इतक्या वेगात बोलत होतं, की मला एक शब्द कळेना. त्या मात्र मध्येच हात वर करून त्याला थांबवत आणि काही तरी दुरुस्त करत.

"अक्का, आता तरी विश्रांती घ्या," मी म्हटलं.

"डोळे थकले. मी थकलें नाहीं," त्या म्हणाल्या आणि मला जेवायला वाढायला सांगितलं.

निघताना रिक्षापर्यंत सोडायला येते म्हणाल्या. मी नको म्हणालो, वहिनी नको म्हणाल्या, त्याचा अर्थात काही उपयोग झाला नाही. महामहम तलावाजवळच्या रस्त्यापर्यंत आम्ही चालत गेलो. त्या एका हातात पांढरी काठी घेऊन, माझ्या हाताला हात न लावता चालत होत्या. मी रिक्षात बसलो. "बेस. जा आतां," म्हणाल्या आणि वळून रस्ता ओलांडायला लागल्या. संध्याकाळची वेळ, मोटारसायकली, फुलांच्या गाड्या, आणि समोरून हॉर्न वाजवत येणारी टाउन बस. मी रिक्षातून उतरायला लागलो, तेवढ्यात अक्कांनी रस्त्याच्या मधोमध काठी उंच धरली. बस करकचून थांबली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "अम्मा, डोळे नाहीत का?"

"नाहीत," अक्का त्याच्यापेक्षा मोठ्याने तमिळमध्ये म्हणाल्या. "तुला आहेत ना? मग थांब."

आणि मागे हॉर्नचा गोंधळ उठलेला असताना, पावलांची अजिबात घाई न करता, त्या पलीकडे गेल्या.